बारदान वजा पोत्या

रविवार, १२ जानेवारी २०२५

मालकांना विचारून बेदाण्याच्या नमुन्यांचा छोटा काटा काल घरी आणला. तीस किलोचा, पाच-पाच ग्रॅमनं चढणारा. पंधरा किलोचं बेदाण्याचं रिकामं खोकं त्यावर ठेवलं : ६४० ग्रॅम. मांजराला खोक्यात बोलवावं लागत नाही. पोत्या आपण होऊन आत जाऊन बसला, दोन्ही कुशी खोक्याच्या भिंतींना टेकल्या, आणि काटा ७.८८० वर थांबला. बारदान, म्हणजे खोकं, वजा जाता ७.२४०.

"बाबा, पट्टी काढताय का त्याची?" लेक म्हणाली. काढतोय की, अडतीवर मालाच्या वजनाच्या हिशेबाची काढतात तशी. वीस वर्षं हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, वजन लिहिल्याशिवाय मला खरं वाटत नाही. म्हणून ही वही. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, याच काट्यावर, याच खोक्यात.

घरात मांजरं तीन. मनी, राखाडी पट्ट्यांची, बारा वर्षांची, सगळ्यांत जुनी. मिरची, तिरंगी, दोन वर्षांची, एका जागी टिकत नाही. आणि हा. २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही मिरजेला मेहुण्याकडे होतो. परत आलो तर जिन्याखाली चिखलानं माखलेलं मूठभर पिल्लू. आईनं त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. नाव राजा ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी दुकानातला एक हमाल घरी हिशेबाला आला, ओट्यावर पसरलेला राजा बघून म्हणाला, "दिवाणजी, हे पोतं हितं कुणी उतरवलं?" तेव्हापासून पोत्या.

तो आता स्वतःची पाठ चाटू शकत नाही. कमरेच्या वर केसांच्या गुठळ्या झाल्यात, कोंडा पडतो. त्यावरूनच विषय निघाला.

सोमवार, १३ जानेवारी

भाजीच्या दोन क्रेट एकावर एक सुतळीनं बांधून त्याला डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी आधी आमचेच हात तपासायला लावले. मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा : बरगड्या अशा लागल्या तर मांजर वाळलेलं. हात सरळ करून पंजाच्या पाठीवरून फिरवा : असं लागलं तर ठीक. आता तळहाताच्या बाजूनं. पोत्याच्या बरगड्या तळहातातल्या हाडांसारख्या होत्या, म्हणजे आहेत यावर विश्वास ठेवायचा. नऊपैकी आठ गुण. परीक्षेत नव्हे, जाडीत. पाच बरे.

मधुमेह, सांधेदुखी, सगळं ऐकवून झालं. नसबंदीनंतर शरीराची गरज कमी होते आणि भूक वाढते, हेही. मग हिशेब, तो माझ्या कामाचा. पहिला मुक्काम साडेपाच किलो. तेवढ्या वजनाच्या मांजराला नुसतं बसून राहायला दिवसाला सुमारे २५० कॅलरी लागतात. त्यांच्या ८० टक्के, म्हणजे २०० द्यायच्या. मांजरांच्या कोरड्या खाण्याच्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३७५ धरायच्या, ओल्या खाण्याच्या एका पाऊचमध्ये ६५. एक पाऊच आणि ३६ ग्रॅम दाणे, संपला दिवस. आठवड्याला अर्धा ते एक टक्का वजन उतरलं तर बरोबर. म्हणजे ३६ ते ७२ ग्रॅम. आमच्याकडे एवढं हळदीच्या पोत्याच्या शिवणीतून सांडतं.

"वाटी कोण भरतं?" मॅडमनी विचारलं.

"ज्याला रिकामी दिसेल तो."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

शिल्लक तपासली. दाण्यांची तीन किलोची पिशवी चौदा दिवसांत संपते, बायकोच्या किराणा वहीत तारखा आहेत. दिवसाला सुमारे २१५ ग्रॅम. वहीत नसलेली जावक : सकाळी आईची दूध-चपाती, दुपारी विरजण लावताना सायीचा एक मोठा चमचा, रविवारी माझ्या ताटातलं मासळीचं काटं, लेकीच्या खिशातला खाऊ. म्हशीच्या दुधाची दाट साय एक मोठा चमचा म्हणजे जवळपास ५० कॅलरी. त्याच्या नव्या शिध्याचा पाव भाग, एका चमच्यात.

आईला सांगितलं. आई तिळगूळ वळत होती. "पुरातलं पोर आहे ते," एवढंच म्हणाली आणि लाडू वळत राहिली.

शनिवार, १८ जानेवारी

ही नोंद लिहायला लाज वाटते.

गुरुवारी दुकानातून येताना वजन कमी करायचे म्हणून जे वेगळे दाणे मिळतात ते आणले आणि जुने बंद केले. एका झटक्यात. पोत्यानं वास घेतला, पुढचा पाय वाटीभोवती फरशीवर घासला, घाण पुरतात तसा, आणि निघून गेला. शुक्रवारी तेच. आई म्हणाली, काहीतरी दे. मी म्हणालो, भूक लागली की झक मारत खाईल. माणसाच्या पोरांना हा नियम लागू असेलही. आज सकाळीही वाटी तशीच, आणि तो दाराच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसलेला.

मॅडमना फोन केला. त्यांचा आवाज एकदम बदलला. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लोंढ्यानं यकृतात उतरते, यकृताला ती पेलत नाही, कावीळ होते, आणि मग नळीनं खाऊ घालायची पाळी येते. जितकं लठ्ठ, तितका धोका जास्त. बारीक करायला निघालेली माणसंच मांजर घालवून बसतात, असं म्हणाल्या. आधी जुनं खाणं द्या, आत्ता.

जुने दाणे, त्यावर कोमट पाणी, वर थोडा पाऊच. तो आला. पहिला घास घेईपर्यंत आम्ही चौघं स्वयंपाकघरात उभे होतो, कुणी बोलत नव्हतं. खाल्लं. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

नवे दाणे आता चमच्या-चमच्यानं, आठ-दहा दिवसांत. आणि चोवीस तास वाटी शिवली नाही तर वाट बघायची नाही, फोन. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलंय.

रविवार, २६ जानेवारी

७.१९०. उतरलेले ५० ग्रॅम त्या उपासाचे आहेत, माझ्या हुशारीचे नाहीत. जमेला धरत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

७.२३०. वाढलं!

सगळं मोजून देतोय. तिघांच्या तीन वाट्या, सकाळी सात आणि रात्री आठ, अर्ध्या तासात उचलायच्या. मिरचीची वाटी शिलाई मशीनवर, तिथं पोत्याला उडी जमत नाही. साय बंद आहे, आईनं देवाशपथ सांगितलं. मग हे ४० ग्रॅम आले कुठून? हिशेब जुळत नाही म्हणजे कुठंतरी नोंद सुटली आहे, हे दुकानात मी नव्या पोरांना शिकवतो.

रविवार, ९ फेब्रुवारी

सापडली. आज वाट्या ठेवल्यावर उठलो नाही, पाटावर बसून राहिलो.

पोत्याची वाटी दीड मिनिटात साफ. मग तो मनीच्या वाटीपासून दोन हातांवर जाऊन बसला. गुरगुर नाही, ढकलाढकली नाही. पाय अंगाखाली, डोळे मिटलेले, जणू त्याचा त्या वाटीशी काही संबंध नाही. मनीनं एक दाणा उचलला, मान डावीकडे वाकडी केली, चावायला गेली, आणि दाणा फरशीवर पडला. टक्. पुन्हा उचलला, पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी तिनं तो नुसता चाटला. पाऊचचा रस्सा चाटून घेतला आणि उठली. पोत्यानं डोळे उघडले, सावकाश चालत आला, आणि बसला जेवायला. ती बाजूला झाली, त्यानं तिच्या पाठीला डोकं घासलं. घरात कधी भांडण होत नाही म्हणून आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, तिघांचं किती जमतं बघा.

तेव्हा कुठं मनीला खोक्यात घातलं. २.९१०. लसीचं कार्ड काढलं : गेल्या मार्चमध्ये ३.७००. पुन्हा वजन केलं, काटा शून्यावर आणून. २.९१०.

बारा महिन्यांच्या आत आठशे ग्रॅम गेले आणि कुणाला कळलं नाही, कारण वाटी रोज रिकामी व्हायची. लांब केस, त्यात वय झालेलं, अंगावर दिसतही नव्हतं. आम्ही सगळे जाड्याकडे बघत होतो. मिरची ३.२७०, ती ठीक.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मनीला दाखवलं. मॅडमनी ओठ वर करून दात दाखवला : मुळाशी हिरडी लालभडक, दात आतून झिजत गेलेला. मांजरांत हे पुष्कळ होतं म्हणे, आणि मांजर ओरडत नाही, नुसतं खाणं बदलतं. या वयात वजन उतरलं की मूत्रपिंड आणि थायरॉईडही बघायचं, म्हणून रक्त घेतलं. रिपोर्ट तसा बरा आला. पुढच्या आठवड्यात भूल देऊन दात काढायचे.

घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "अहो, आपण याला खादाड म्हणत होतो, आणि हा तिचं उष्टं आवरत होता." यात पोत्याची बाजू घेतल्यासारखं वाटलं, पण खोटं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तीन दात काढले. संध्याकाळी शुद्धीवर आली, रात्री दहाला रस्सा चाटला.

रविवार, २ मार्च

नव्या हळदीची आवक जोरात, सौदे चालू, घरी यायला रात्र होते. अंगावरची हळद पोत्याच्या पांढऱ्या पोटाला लागते, तो निम्मा पिवळाच असतो हल्ली. मधले दोन रविवार वजन लेकीनं केलं.

व्यवस्था अशी बसवली आहे. मनी आईच्या खोलीत, दार लावून. तिला ओलं खाणं, किंवा दाणे कोमट पाण्यात भिजवून, दिवसातून चार वेळा, हवं तेवढं. मिरची मशीनवर. पोत्या स्वयंपाकघरात, त्याचा शिधा चार भागांत. एकूण तेवढाच, पण चार वेळा वाटी वाजते, त्यामुळे ओरडणं निम्म्यावर आलं. दाणे चमच्यानं देत नाही, काट्यावर मोजून. लेक सकाळी ३६ ग्रॅम एका बरणीत काढते, दिवसभर ज्याला द्यायचेत त्यानं त्याच बरणीतून द्यायचे. बरणी संपली की दुकान बंद. या दीड-दोन महिन्यांत घरात ज्याची सगळ्यात जास्त किंमत वसूल झाली ती ही लोणच्याची जुनी बरणी, काट्याहूनही.

मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून उघडणारा विकतचा वाडगाही लेकीनं मोबाइलवर दाखवला. किंमत बघून मी दार लावणं पसंत केलं.

पोत्या ७.०५०. मनी २.९८०.

रविवार, १६ मार्च

६.९६०. सातच्या खाली! लेकीनं पानावर चांदणी काढली आहे. मी दिवाणजी असून खोडली नाही.

खेळ सुरू केलाय, जेवणाआधी दहा मिनिटं. पोत्याला पळायला लावणं म्हणजे सौद्यात कमी भाव ऐकून घेणाऱ्या शेतकऱ्याला हसवणं. दोन मिनिटं पळतो, मग कुशीवर पडून नुसता पंजा हलवतो. लेकीनं पाण्याच्या बाटलीला भोकं पाडून त्यात दाणे घातलेत, बाटली लोळवली की एखादा पडतो. त्यात मात्र तो पंधरा मिनिटं रमतो, कारण त्यात मजुरी आहे. सुतळीचा खेळ झाला की सुतळी उचलून ठेवायची, हे मॅडमनी बजावलंय. गिळली तर आतडी गोळा होतात. आमच्या घरात सुतळी नाही असा कोपरा नाही, शोधून शोधून उचलतोय.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

पोत्या ६.८७०, मनी ३.१८०.

श्रीखंडाच्या भांड्याजवळ पहारा ठेवावा लागला. पहाऱ्यावर आई होती. मी काही म्हणालो नाही.

रविवार, १३ एप्रिल

६.७९०. ऊन मी म्हणतंय. तिघंही मोरीच्या गार फरशीवर.

रविवार, २७ एप्रिल

६.७८०. दोन आठवड्यांत १० ग्रॅम. काटा तपासला, दुकानातलं पाच किलोचं वजन ठेवून. बरोबर आहे. उन्हामुळं असेल, असं बायको. उन्हामुळं मांजर कमी खाईल, वजन कसं थांबेल?

बुधवार, ३० एप्रिल

दुपारी घरी जेवायला आलो. अक्षय तृतीया, दुकान लवकर बंद. दारातून आत येतोय तोवर धप् असा आवाज. शिलाई मशीनवर पोत्या! मिरचीच्या वाटीत तोंड, शेपटी खाली लोंबकळतेय, मिरची खिडकीत बसून दुसरीकडं बघतेय. मला बघून त्यानं खाणं थांबवलं नाही, फक्त वेग वाढवला.

मशीन ७५ सेंटिमीटर उंच. जानेवारीत हा आईच्या पाटावर चढताना पुढचे पाय टेकून आधी विचार करायचा.

रागवावं की नारळ फोडावा कळेना. नंतर बघितलं, कमरेवरच्या गुठळ्याही गेल्यात, स्वतः चाटतोय तिथंपर्यंत. वजनाची वही हे सांगत नव्हती.

मिरचीची वाटी लोखंडी कपाटावर हलवली. तिथं लेक स्टुलावर चढूनच पोचते.

रविवार, ११ मे

६.६९०. बरोबर, मशीनच होतं कारण.

मधे दोन दिवस तासगावला लग्न होतं. शेजारच्या काकूंना दोन बरण्या भरून दिल्या, वर पोत्या, मनी अशी चिठ्ठी चिकटवून. परत आलो तर दोन्ही रिकाम्या आणि काकू म्हणाल्या, "एवढंसंच? माझ्याकडची जरा भाकरी कुस्करून घातली मी दुधात." काकूंना काय बोलणार. दोन दिवसांचं काय ते.

रविवार, २५ मे

६.६००. मे महिन्यातच पावसानं गाठलंय, गल्लीत पाणी वाहतंय. पोत्या पावसाच्या आवाजाला जिन्याखाली जाऊन बसतो, लहानपणापासून. एरवी आई अशा वेळी साय घेऊन जिन्यापाशी जायची. आज नुसतीच गेली, पायरीवर बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. बराच वेळ. मी वही घेऊन पलीकडं बसलो होतो, मला म्हणाली, "हेही मोजतोस का?"

रविवार, ८ जून

६.५२०. मॅडमकडं जाऊन आलो. नऊपैकी सात. बरगड्या आता शोधाव्या लागत नाहीत, दाबलं की लागतात. शिधा तोच ठेवायचा, वजन सलग तीन आठवडे थांबलं तरच पाच-दहा टक्क्यांनी कमी करायचा, आपल्या मनानं नाही. साडेपाचला पोचायला याच गतीनं दिवाळी उलटून जाईल. त्यांना घाई नाही, मलाही आता नाही.

रविवार, २२ जून

पोत्या ६.४३०. जानेवारीपासून ८१० ग्रॅम उतरले.

मनी ३.४६०. दाणे अजून भिजवूनच देतोय. गेलेल्यापैकी निम्म्याहून जास्त परत आलं.

मिरची ३.६४०.

पुन्हा ठेवली. ३.६४०. खोकं वेगळं आहे का बघितलं, तेच आहे, ६४० ग्रॅम. एप्रिलच्या शेवटी ही ३.३०० होती. कपाटावरची वाटी लेक मोजून भरते, आणि ही तर दिवसभर पळत असते.

आईला विचारलं. आई विरजण लावत होती, चमचा हातातच होता.

"तिला बंद केलंयस असं कुठं सांगितलं होतंस तू?"